डुड्डाच्या पाठीवरची शीव

मुकनहॅम गावाची शीव कुठून कुठे जाते हे कुणाला पाहायचं असलं, की लोक डुड्डाला सदरा वर करायला सांगत.

डुड्डा आनंदाने वर करी. वय बासष्टच्या आसपास, पोट सुटलेलं, दाढी बोकडाची, आणि अंगभर गावाची हद्द. "हे बघा," म्हणून तो डोक्यावरचं टेंगूळ दाखवी, "पहिली खूण, पांढरा दगड. यावर माझं टाळकं आपटलं होतं. हा उजवा कान बघा, डाव्यापेक्षा लांब आहे की नाही? दुसरी खूण, वाकडं ॲशचं झाड. पाद्रीबुवांनी इथे धरून फिरवलं होतं. तिसरी, बेडकांचं डबकं. तिथे तोंड बुडवलं. त्याची खूण दिसत नाही, पण अजून बेडूक ओरडला की मला ठसका लागतो."

ही रीत गावात फार जुनी. वसंतात तीन दिवस पाद्री क्रूस घेऊन पुढे आणि गाव मागे, असे सगळे शिवेवरून फिरत, आणि प्रत्येक खुणेशी आठ-नऊ वर्षांच्या पोरांना फटके देत. पोरांनी काही केलेलं नसे. पण लिहिणारे भिक्षू तीन दिवसांच्या वाटेवरच्या मठात, आणि त्यांनी लिहिलेलं सगळं उंदरांच्या ताब्यात. वासराच्या कातड्यावर लिहिलेलं उंदीर खातात, पोराच्या कातड्यावर लिहिलेलं पन्नास-साठ वर्षं टिकतं, असा गावाचा साधा हिशेब होता.

डुड्डाच्या बरोबर मुकनहॅमच्या आणखी पाच पोरांनी त्या वर्षी मार खाल्ला होता. त्यातले दोन साथीत गेले. एक मर्सियाच्या राजासाठी लढताना मेला आणि त्याचा सख्खा भाऊ वेसेक्सच्या राजासाठी. घर दोघांनी बदललं नव्हतं, मधल्या काळात राजा बदलला होता. पाचवा बिअर पिऊन घोट्याएवढ्या पाण्यात बुडाला. त्यानंतर लढायांच्या धामधुमीत ते फिरणंच बंद पडलं. राहिला एकटा डुड्डा. म्हणून मेजवानीत त्याला शेकोटीजवळचं बाक, पहिला पळीभर रस्सा आणि मधाच्या दारूचं शिंग भरून मिळे. बदल्यात तो अकरा खुणा म्हणून दाखवी, अवयवांसकट.

फक्त नवव्या खुणेला त्याला खोकला येई.

"आठवी, घारीच्या घरट्याचं झाड, डावी मांडी. तिथून पुढे... अहं... अहं... काट्याच्या खुंटावरून... अहं... दहावी, फुटकं जातं, उजवा गुडघा!"

लोक म्हणत, म्हाताऱ्याची छाती खराब आहे. पण चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईपासून नवऱ्याचा खोकला काय लपणार? टेट्टाने लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्याला गाठलं होतं.

"काय हो, ती नववी खूण कुठंय?"

"सांगितलं की. काट्याचं खुंट."

"ते कुठंय?"

"कावळरानात."

"रानात म्हणजे कुठं? रान काय आपल्या चुलीएवढं आहे?"

तेव्हा डुड्डाने खरं सांगितलं. नवव्या खुणेशी पोरं रांगेत उभी असताना त्याची आई गर्दीतून पुढे आली, पाद्रीबुवांना म्हणाली, "माझ्या लेकराने आठ ठिकाणी मार खाल्ला, ही एक खूण जाऊ द्या," आणि तिने त्याच्या हातात मधाचा केक दिला. त्याला छडी बसली नाही. तो केक खात राहिला. आजूबाजूला खुंट होतं का डोंगर होता, त्याने पाहिलंच नाही.

"केक कसा होता ते आठवतंय?" टेट्टाने विचारलं.

"नाही ना. गोड खाल्लेलं कुणाच्या लक्षात राहतं?"

"सासूबाईंनी एका केकात गावाचं रान घालवलं म्हणायचं," टेट्टा म्हणाली. मात्र तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. बाईला तीन डुकरं होती.

आणि डुकरांमुळेच ती खूण महत्त्वाची होती. मुकनहॅम मर्सिया राज्याचं, टेकडीपलीकडचं हुनस्टोक शेजारच्या वेसेक्स राज्याचं, आणि मधे हे कावळरान, सगळं जुन्या ओक झाडांचं. पानगळीच्या दिवसांत ओकची बोंडं खाली पडत. डुकरं सहा आठवडे ती खाऊन अशी माजत की चालताना पोट जमिनीला घासे. मग ती कापून, मिठात घालून, धुरावर टांगून गावाचा हिवाळा निघे. रान गेलं तर डुकरं हडकुळी, आणि डुकरं हडकुळी तर माणसं त्याहून हडकुळी.

इतकी वर्षं ज्याचा राजा जोरात त्याची डुकरं रानात, असं चाललं होतं. राजे तर असे, की एकदा मुकनहॅमची माणसं सोमवारी मर्सियात झोपली आणि मंगळवारी वेसेक्समध्ये उठली. वेसेक्सच्या माणसांनी राजाच्या वाट्याची म्हणून दहा बदकं नेली. शुक्रवारी मर्सिया परत आलं आणि चुकीच्या राजाला बदकं दिली म्हणून आणखी दहा घेऊन गेलं. राजा कुठलाही असो, बदक आपलंच जातं, हे गावातल्या बदकांनाही कळून चुकलं होतं.

पण त्या वर्षी दोन्ही राजे दमले. त्यांनी तह केला आणि ठरवलं, की शीव आजोबांच्या काळी होती तिथेच कायमची पक्की करायची. बोंडं पडायच्या आठ दिवस आधी दोघांचे कारभारी मुकनहॅमला आले. मर्सियाचा ऑस्मॉड उंच, सुकलेला, खांद्यावर राजाने दिलेली पितळी पिन. ती दिसावी म्हणून तो कायम त्याच बाजूने बोले. वेसेक्सचा विगबाल्ड जाडा, सर्दीने हैराण, दाढीला नाक पुसणारा. त्याच्या मागे हुनस्टोकचं अर्धं गाव.

"साक्षीदार कोण?" विगबाल्डने विचारलं.

मुकनहॅमने डुड्डाला पुढे ढकललं.

"हा? हा तर उभा राहतानाच डुलतोय."

"डुलतोय कुठे," ऑस्मॉड म्हणाला, "आमचा चालता-बोलता पुरावा आहे तो. डुड्डा, सदरा वर कर."

पाद्रीबुवांनी क्रूस पुढे धरला आणि बजावलं, "खोटी शपथ घेतलीस, तर पुन्हा आयुष्यात तुझ्या शब्दावर कुणी अंडंसुद्धा देणार नाही. नरक वेगळा."

डुड्डाने शपथ घेतली. आदल्या दिवसापासून तो टेट्टाला म्हणत होता, "ऐन वेळी आठवेल गं." आणि टेट्टा म्हणत होती, "पन्नास वर्षांत आठवलं नाही, आता काय खुंट उठून सांगायला येणार आहे?"

पहिल्या आठ खुणांना मात्र म्हातारा तेजात होता. पांढऱ्या दगडाशी त्याने टेंगूळ दगडाच्या खोलगट जागेवर टेकवून दाखवलं, नेमकं बसलं. हुनस्टोकच्या बायकांनीसुद्धा "अगं बाई!" केलं. चौथी खूण होती एग्लाची गाय मेली ती जागा. तिथे विगबाल्ड अडला.

"कुठली गाय? इथे गाय दिसत नाही."

"साहेब, मेली ना ती. म्हणून तर नाव पडलं."

"कशावरून इथेच मेली?"

"ती मेली तेव्हा एग्ला इथे बसून रडला. त्याची बायको मेली तेव्हा तो घरीच होता आणि रडला पण नाही. गावाच्या लक्षात राहणारच की."

हुनस्टोकच्या लोकांनीही माना हलवल्या. एग्लाची गोष्ट त्यांच्याकडेही माहीत होती. विगबाल्डने नाक पुसलं आणि सगळे पुढे निघाले.

आठव्या खुणेनंतर रान सुरू झालं. रानाच्या अलीकडच्या कडेला, मुकनहॅमच्या बाजूला, काट्याचं एक जुनं खुंट होतं. रानाच्या पलीकडच्या कडेला, हुनस्टोकच्या बाजूला, तस्संच दुसरं. शीव अलीकडच्या खुंटावरून गेली तर सगळं रान वेसेक्सचं. पलीकडच्या खुंटावरून गेली तर सगळं मर्सियाचं. अलीकडच्या खुंटाशी येऊन सगळे थांबले.

डुड्डा खोकला.

"पाणी द्या त्याला," ऑस्मॉड म्हणाला.

डुड्डा पाणी प्यायला, परत खोकला. मग त्याने टेट्टाकडे पाहिलं. टेट्टाने वर ओकच्या फांद्यांकडे पाहिलं. बोंडं अशी लगडली होती की फांद्या वाकल्या होत्या.

'पलीकडचं' एवढा एकच शब्द. तोंडातून सुटला की संपलं. पण समोर क्रूस होता, आणि डुड्डाचं सगळं आयुष्य त्याच्या शब्दावर चाललेलं होतं. बाकी त्याच्याकडे एक कुदळ होती आणि तीही दांडा मोडलेली.

"साहेब," तो म्हणाला, "इथे मला मार बसला नाही. त्यामुळे मला ठाऊक नाही."

मुकनहॅमवाल्यांनी एकदम श्वास घेतला. हुनस्टोकवाल्यांनी एकदम सोडला. विगबाल्डला आनंदाने शिंक आली.

ऑस्मॉडचा चेहरा पिनेपेक्षा पिवळा पडला. "ठाऊक नाही? मग मारा त्याला! मारल्यावर आठवेल."

"कुठे मारायचं?" पाद्रीबुवांनी विचारलं.

"पाठीवर!"

"तसं नाही. कुठल्या खुंटाशी? आठवण छडीत नसते, जागेत असते. चुकीच्या जागी मारलं तर चुकीची शीव आठवेल. आणि बरोबर जागा कळली असती तर मारायची गरजच काय?"

ऑस्मॉडने पिन चाचपली. "दोन्हीकडे मारू. जिथलं ओळखीचं दुखेल ती जागा खरी."

"अहो साहेब," डुड्डा घाईघाईने म्हणाला, "मी तिथे खाल्लाच नाही तर ओळखीचं कसं दुखणार?"

इतक्यात हुनस्टोकच्या गर्दीत कुणीतरी हसायला लागलं. खो खो, थांबेचना. गर्दी बाजूला झाली आणि एक बुटका, टक्कल पडलेला, पुढचे दोन दात नसलेला म्हातारा काठी टेकत पुढे आला. हा बॅस्सा. त्याच वर्षी, त्याच रांगेत, हुनस्टोकच्या पोरांत उभा राहून मार खाल्लेला पोरगा.

"खाल्ला नाही म्हणतोय! अरे डुड्ड्या, तू खाल्ला नाहीस, पण तो गेला कुठे, विचारलंस का कधी?"

"कुठे गेला?"

"तेव्हाच्या पाद्रीबुवांनी छडी उचलली होती. तुझ्यासाठी पाच छड्या मोजून ठेवल्या होत्या. तू आईच्या झग्यात घुसून केक चाटत बसलास. बुवा म्हणाले, या आता परत नेऊ का? पुढचा कोण? पुढचा मी! माझ्या पाच आणि वर तुझ्या पाच!" बॅस्साने स्वतःच्या पार्श्वभागावर हात मारला. "चौपन्न वर्षं तुझ्या पाच मी इथे घेऊन फिरतोय. बर्फ पडलं की माझ्या पाच गप्प असतात, तुझ्या ठणकतात."

"मला माहीत नव्हतं रे बॅश्या."

"माहीत कसं असणार? तोंड भरलेलं होतं."

विगबाल्डने बॅस्साच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. "म्हणजे बाबा, तुला जागा पक्की ठाऊक आहे?"

"डोळे बांधून नेईन."

"वा! तू आपल्या वेसेक्सचा. शपथ घे आणि सांग. आणा रे, आजोबांना शिंगभर दारू आणा."

बॅस्साने दारू घेतली, प्यायला, शिंग परत दिलं. "सांगतो. पण आधी त्याच्या पाच त्याला परत. मी देणार, माझ्या हाताने."

विगबाल्ड खूश. ऑस्मॉडला काय, मारायचंच होतं. डुड्डा टेट्टाकडे वळला. टेट्टा म्हणाली, "घ्या की. पाचच तर आहेत. मी रोज बोलते ते काय कमी असतं?"

बॅस्साने हेझलच्या झुडपाची एक छडी तोडली, हवेत फिरवून पाहिली, पानं काढली आणि डुड्डाचं मनगट पकडून चालायला लागला. सरळ रानात. विगबाल्डला वाटलं, म्हातारा आडोसा शोधतोय. ऑस्मॉडलाही तेच वाटलं. दोन्ही गावं मागोमाग निघाली. बॅस्सा ओढा ओलांडून, पडलेल्या झाडाला वळसा घालून, बडबड करत चाललाच होता. "इथे मी रडायला लागलो होतो... इथे नाक पुसलं होतं..." अर्धं रान मागे पडलं, तेव्हा विगबाल्ड जागा झाला.

"अरे ए! कुठे चाललास?"

"खुंटाशी."

"खुंट मागे राहिलं!"

"ते? ते दुसरंच काहीतरी आहे. तिथे मला कोण मारायला आलं होतं?"

विगबाल्ड धावत त्याच्यासमोर आडवा झाला. "बाबा, थांब. त्याला इथेच मार. नाहीतर मागच्या खुंटाशी मार, हवे तर दहा मार, मी छडी धरतो!"

"तिथे मारून काय उपयोग, साहेब? मी जिथे खाल्ल्या तिथेच त्याने खायला पाहिजेत. फेड जागच्या जागी होते."

"अरे रान जाईल आपलं! तुमची डुकरं काय खातील?"

हुनस्टोकच्या बायकाही ओरडल्या, "बॅस्साकाका, डुकरांचा तरी विचार करा!"

बॅस्सा क्षणभर थांबला. त्याने खरंच डुकरांचा विचार केला. मग त्याने डुड्डाच्या पार्श्वभागाकडे पाहिलं. चौपन्न वर्षं वाट पाहिलेला माणूस तो. "चल रे," म्हणाला.

तो थांबला तो रानाच्या पार पलीकडच्या कडेला. शेवाळलेलं, मधून चिरलेलं काट्याचं खुंट. "हे," बॅस्सा म्हणाला, "या चिरेत माझं नाक होतं. वाक."

ऑस्मॉडने पिन सरळ केली. विगबाल्ड डोकं धरून गवतात बसला. मुकनहॅमवाले जल्लोष करायला लागले, आणि डुड्डा असा हसत वाकला की जणू त्याला कुणी बक्षीस देणार होतं.

"एक!" टेट्टाने मोजलं. एकेका फटक्याला रान आपलं होत होतं.

"अगं आई!"

"दोन!"

"अरे हळू! तुझ्या हातात एवढा जोर कुठून आला?"

"तुझ्याच पाच साठल्या होत्या ना."

"तीन!"

तिसऱ्या फटक्याला हुनस्टोकच्या वाटेने एक घोडेस्वार आला. घोडा फेसाळलेला, स्वार धुळीने भरलेला. त्याने कारभाऱ्यांना ओळखलं आणि घोड्यावरूनच ओरडला, "तह मोडला! परवा लढाई झाली. वेसेक्सचा राजा जिंकला. आता मर्सिया नाही, वेसेक्स नाही, सगळा एकच मुलूख, एकच राजा. जुन्या शिवेवर कुणी कुणाला अडवायचं नाही, असा हुकूम आहे!"

एवढं बोलून तो पुढच्या गावाला हीच बातमी द्यायला निघून गेला.

मग विगबाल्ड गवतातून उठला आणि त्याने पोट पुढे काढलं. "म्हणजे रान आपलंच! हुनस्टोकची डुकरं उद्यापासून रानात!"

ऑस्मॉडने खांद्यावरची पिन हळूच काढून खिशात टाकली. "आपल्या राजाचंच म्हणायचं," तो म्हणाला. 'आपल्या' हा शब्द त्याने इतक्या सहज म्हटला की विगबाल्डने दोनदा वळून पाहिलं.

डुड्डा अजून वाकलेलाच होता. खुंटाच्या चिरेत बोलावं तसा तो बोलला, "साहेब, हुकूम काय आहे? जुन्या शिवेवर कुणी कुणाला अडवायचं नाही. मग आमची डुकरं कोण अडवणार? मुकनहॅमही त्याच राजाचं झालं ना?"

विगबाल्डने दाढीला नाक पुसलं. हुकूम त्याच्याच राजाचा होता. मोडायचा कसा?

"म्हणजे दोन्ही गावांची डुकरं?" तो म्हणाला.

"आता दोन गावं दोन मुलखांची राहिलीच कुठं, साहेब?" टेट्टा म्हणाली.

झालं. सगळे परतायला लागले. डुड्डाने सरळ व्हायला कंबरेला हात लावला, तोच बॅस्साने त्याला परत दाबलं.

"कुठे? अजून दोन आहेत."

"अरे बॅश्या, आता शीवच राहिली नाही!"

"शीव गेली असेल. छडी माझ्या हातात आहे."

आणि त्याने राहिलेल्या दोन दिल्या, एकेक सावकाश, चव घेत. मग छडी मोडून रानात फेकली, मोठा सुस्कारा टाकला आणि म्हणाला, "गेलं बघ ठणकणं." डुड्डाचं सुरू झालं होतं.

त्या पानगळीत दोन्ही गावांची डुकरं रानात गेली. सुरुवातीला मारामाऱ्या झाल्या. डुकरांच्या दोन, माणसांच्या सात. कुणाचं डुक्कर कुठलं यावरून हुनस्टोकच्या एका बाईने टेट्टाची वेणी ओढली आणि टेट्टाने तिच्या डोक्यावर चाऱ्याची टोपली उपडी केली. पण बोंडं इतकी होती की भांडायलाही डुकरांना वेळ पुरेना. बॅस्सा आणि डुड्डा रोज राखणीला बसत, म्हणजे बॅस्सा बसे आणि डुड्डा उभा राहून त्याला शिव्या देई. वसंतात टेट्टाच्या डुकरिणीला नऊ पिल्लं झाली. बाप हुनस्टोकचा होता, हे पिल्लांच्या ठिपक्यांवरून अख्ख्या मुलखाला दिसत होतं. बॅस्सा चार पिल्लं मागायला आला, दोन घेऊन गेला आणि जाताना 'विहीणबाई' म्हणून टेट्टाला हाक मारून गेला. टेट्टाने त्याच्यामागे लाटणं फेकलं, पण नेम मुद्दाम चुकवला.

एवढं सगळं सुरळीत चाललं आणि वर्षभरात मर्सियाचा राजा परत आला. एकच मुलूख पुन्हा दोन झाला. ऑस्मॉडने पिन परत लावली, पण आता त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? त्याच्या जागी टिलरेड नावाचा तरुण कारभारी आला. गुळगुळीत दाढी, स्वच्छ बूट, आणि कामाची प्रचंड हौस.

त्याने दोन्ही म्हाताऱ्यांना दुसऱ्या दिवशी रानात बोलावलं. आदल्या संध्याकाळी टेट्टा दूध काढत होती आणि डुड्डा शेजारी उभा होता.

"आता तर मला पक्कं ठाऊक आहे गं. शपथेवर सांगू शकतो. सगळं रान आपलं होईल. आणि शेकोटीजवळचं बाक जन्मभर."

"होईल की," टेट्टा म्हणाली. "पुढच्या वर्षी वेसेक्सचा राजा आला की सगळं रान त्यांचं. मग परत आपलं. एक वर्ष डुक्कर फुगतं, एक वर्ष वाळतं. डुक्कर म्हणजे काय भाता आहे? त्यापेक्षा दर वर्षी अर्धं रान बरं नाही का?"

"पण मग माझं काय? लोक म्हणतील, डुड्डाला शीव आठवत नाही."

टेट्टाने दुधाचं भांडं बाजूला ठेवलं. "म्हणू देत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टिलरेड रानाच्या पलीकडच्या कडेला उभा होता. खुंट कुठे दिसत नव्हतं. डुकरांनी तिथली जमीन उकरून उकरून शेत केलं होतं, आणि खुंट कुणाच्या तरी चुलीत गेलं होतं. कुणाच्या, हे दोन्ही गावं एकमेकांना विचारत होती.

"गेल्या वर्षी अख्ख्या गावाने जागा पाहिली म्हणे," टिलरेड म्हणाला.

"आम्ही डुड्डाकडे बघत होतो, साहेब," मुकनहॅमवाले म्हणाले. "तसलं समोर चालू असताना जागेकडे कोण बघतंय?"

"बॅस्सा, तू सांग."

"वय झालं, साहेब. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. खाल्लं का तेही आठवत नाही. तुमच्याकडे आहे का काही?"

टिलरेड डुड्डाकडे वळला आणि एकदम गोड झाला. "डुड्डाबाबा, तुमचं नाव मी राजाच्या दरबारात ऐकलंय. अकरा खुणा, अकरा अवयव. राजा म्हणाला, असा माणूस आपल्या मुलखाचं भूषण आहे."

डुड्डाचे कान लाल झाले, लांबडा जरा जास्त. राजाने नाव घेतलं होतं! त्याने त्या उकरलेल्या जमिनीकडे पाहिलं. जागा त्याच्या पायापासून तीन हातांवर होती. मुकनहॅमचं सगळं गाव त्याच्याकडे पाहत होतं. हुनस्टोकचंही. बॅस्सा आभाळाकडे पाहत होता.

"बाकीच्या दहा खुणा सांगतो साहेब," डुड्डा म्हणाला. "नववी नाही आठवत."

"खोकला येत नाही का बाबा तुम्हाला?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"नाही," डुड्डा म्हणाला. "बरा झाला."

"मग शपथेवर सांग की आठवत नाही!" टिलरेड ओरडला.

पाद्रीबुवा पुढे आले. "साहेब, पाहिल्याची शपथ असते, ऐकल्याची असते. विसरल्याची शपथ आमच्या पुस्तकात नाही. त्यासाठी बिशपांना विचारावं लागेल. आणि बिशप सध्या कुठल्या राजाच्या मुलखात आहेत, तेच नक्की नाही."

टिलरेडने बूट आपटले, ते चिखलात रुतले, आणि तो बूट काढत काढत परत गेला. राजाला त्याने काय सांगितलं ते गावात कळलं नाही. राजाला पुढे दुसऱ्या सीमा होत्या, दुसऱ्या लढाया होत्या.

कापणीच्या महिन्यात मेजवानी झाली. शेकोटीजवळच्या बाकावर आता दुसरा एक म्हातारा बसला होता, जो लांडग्याशी लढल्याचं सांगे. डुड्डाला जागा मिळाली दाराजवळ, जिथे फट होती आणि वारा थेट मानेत शिरत होता. खुणा म्हणायला त्याला कुणी सांगितलं नाही. पहिली पळी लांडगेवाल्याला गेली, दुसरी पाद्रीबुवांना, आणि डुड्डाच्या वाडग्यात आला तेव्हा रस्सा पातळ झाला होता.

टेट्टा उठली, भिंतीवर टांगलेल्या मांसातला भला मोठा, चरबीने चकाकणारा तुकडा कापला आणि त्याच्या वाडग्यात टाकला. रस्सा उडून त्याच्या दाढीवर आला.

"एवढा?" डुड्डा म्हणाला. "हा कुठल्या डुकराचा गं? आपल्या का हुनस्टोकच्या?"

"खा मुकाट्याने," टेट्टा म्हणाली, आणि वाऱ्याच्या बाजूला त्याला खेटून बसली.